'येतो गं' म्हणून जर्मनीला गेलेले सात कारागीर

घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. चुकून म्हटलंच, तर आतून कुणीतरी ओरडतं, "जातो काय, येतो म्हण!" जर्मन भाषेतला निरोपाचा शब्दही याच जातकुळीचा आहे. 'आउफ वीडरझेएन' म्हणजे 'पुन्हा दिसेपर्यंत'. आणि इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलच्या बाजूला, 'पेट' हा जिव्हाळ्यानं हाक मारायचा शब्द आहे. बायकोला, लेकीला, दुकानातल्या अनोळखी बाईलासुद्धा तिथली माणसं तो सहज लावतात. हे दोन शब्द शेजारी बसवून १९८३ साली एका ब्रिटिश मालिकेला नाव दिलं गेलं, 'आउफ वीडरझेएन, पेट'. मराठीत सांगायचं तर 'येतो गं'. अर्धं नाव जिथं जायचं तिथलं आणि अर्धं जिथून निघायचं तिथलं. मालिकेत काय आहे ते या नावानंच सांगून टाकलंय.

गोष्ट एवढीच, की ब्रिटनमध्ये काम मिळेनासं झालेले सात बांधकाम कारागीर पश्चिम जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात इमारत बांधायला जातात आणि लाकडी झोपडीवजा खोलीत एकत्र राहतात. ११ नोव्हेंबर १९८३ ला आयटीव्हीवर पहिला भाग दिसला. पहिल्या पर्वाचे १३ भाग झाले, १९८६ मध्ये दुसऱ्या पर्वाचे आणखी १३. मग सोळा वर्षांच्या खंडानंतर बीबीसीनं ती पुन्हा जिवंत केली. आयटीव्हीला साठ वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, 'रेडिओ टाइम्स'च्या वाचकांनी त्या वाहिनीची सर्वांत आवडती मालिका म्हणून हिलाच कौल दिला. पण एक प्रश्न राहतोच. ब्रिटनचा गवंडी जर्मनीला का गेला? आपल्या डोक्यात ब्रिटन म्हणजे जिथं लोक कामासाठी जातात तो देश. तिथलाच माणूस दुसऱ्याच्या देशात विटा रचायला का जाईल? हे कळल्याशिवाय मालिकेतले निम्मे विनोद कळत नाहीत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ईशान्य इंग्लंड म्हणजे कोळसा, पोलाद आणि जहाजबांधणीचा पट्टा. टाइन आणि टीज या दोन नद्यांच्या काठांवर पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी हीच कामं केली. सत्तरच्या दशकात हे उद्योग खचत गेले आणि १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्यावर तोट्यातले कारखाने भराभर बंद झाले. कॉन्सेट नावाच्या गावाचं उदाहरण घ्या. त्या गावाचा सगळा संसार पोलाद कारखान्यावर चालायचा. सप्टेंबर १९८० मध्ये तो बंद झाला आणि सुमारे ३,७०० जणांची नोकरी एका फटक्यात गेली. जानेवारी १९८२ पर्यंत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला होता. कारखाना बंद पडला की फक्त कारखान्यातला माणूस घरी बसत नाही. गावात कुणी घर बांधत नाही, दुरुस्ती काढत नाही, दुकान वाढवत नाही. मग गवंडी, सुतार आणि गिलावा करणारा हेही बसूनच राहतात.

ऑक्टोबर १९८१ मध्ये थॅचर यांचे मंत्री नॉर्मन टेबिट यांनी पक्षाच्या अधिवेशनात आपल्या वडिलांची आठवण सांगितली. तीसच्या दशकात वडील बेकार झाले, तेव्हा त्यांनी दंगल केली नाही, सायकल काढली आणि काम शोधत फिरले. हे वाक्य उत्तरेकडच्या लोकांना फार झोंबलं. सायकलवर टांग मारून जायचं कुठं, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

त्याचं एक उत्तर समुद्रापलीकडे होतं. १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला होता. त्या समुदायाचा एक मूळ नियम असा, की एका सदस्य देशातला कामगार दुसऱ्या सदस्य देशात परवान्याशिवाय काम करू शकतो. नियम झाला तेव्हा फार कुणाच्या मनात आलं नसेल, पण दहा वर्षांनी तोच न्यूकॅसलच्या गवंड्याच्या कामी आला. पश्चिम जर्मनीत बांधकामं चालू होती, मजुरी बरी होती आणि पौंडापेक्षा मार्क खणखणीत होता.

दुसरी गोष्ट कराची. ती जरा किचकट आहे, पण कथेचा खिळा तिथंच ठोकलेला आहे. ब्रिटनमध्ये बांधकामावरची बरीच माणसं पगारी नोकर नसत. आपल्याकडं उक्तं काम घेतात तसं घेत, आणि कागदोपत्री प्रत्येक जण स्वतःचाच मालक असे. त्यात परदेशातलं थोड्या दिवसांचं काम आलं की कर कोणत्या देशानं घ्यायचा हा गुंता होतो. देशादेशांमधल्या करारांत साधारण तत्त्व असं असतं, की माणूस वर्षातून १८३ दिवसांपेक्षा कमी राहिला आणि त्याला पैसे देणारा त्या देशातला नसेल, तर कर त्याच्या मायदेशानं घ्यावा. अशा तरतुदींमुळे थोडक्या महिन्यांसाठी येणाऱ्या कामगाराच्या हातात जास्त पैसे पडत, आणि काही जण तर दोन्ही देशांच्या मधून निसटत. मालिकेतली माणसं याच फटीत उभी आहेत. मजुरी वाढली म्हणून ती गेलेली नाहीत, कायद्यानं थोडा वेळ दार किलकिलं ठेवलं म्हणून गेली आहेत. ते कधीही लागू शकतं.

आता ही गोष्ट पडद्यावर कशी आली ते पाहू. टीज नदीकाठच्या स्टॉकटन गावी मिक कॉनेल नावाचा एक गवंडी होता. जर्मनीतल्या कामाची ही कल्पना त्याच्याकडून आली. त्याचा दोस्त फ्रँक रॉडम याच गावचा, पण सिनेमात गेलेला. १९७९ मध्ये त्यानं 'क्वाड्रोफेनिया' हा चित्रपट दिग्दर्शित केला होता. (पुढे १९९० मध्ये 'मास्टरशेफ' ही स्पर्धा सुरू करणारा तो हाच. तिची हिंदी आवृत्ती आपल्याकडं अनेकांनी पाहिली आहे.) गावच्या मित्रांचं हे जर्मनीला जाणं मालिकेच्या तोडीचं आहे, हे रॉडमनं ओळखलं. श्रेयनामावलीत 'मूळ कल्पना' म्हणून त्याचं नाव येतं. कल्पना त्यानं नेली ती डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या लेखकद्वयीकडे.

यापेक्षा योग्य माणसं त्याला मिळाली नसती, असं मला मनापासून वाटतं. ला फ्रेने न्यूकॅसलजवळच्या व्हिटली बेचा, क्लेमंट दक्षिणेकडच्या एसेक्सचा. दोघांनी मिळून साठच्या दशकात 'द लाइकली लॅड्स' लिहिली, न्यूकॅसलच्या दोन कामगार मित्रांची. मग १९७४ ते ७७ या काळात 'पॉरिज' लिहिली, तुरुंगातल्या कैद्यांची. म्हणजे एका मालिकेत त्यांनी ईशान्येच्या माणसाची बोली पकडली होती आणि दुसरीत कोंडून ठेवलेल्या पुरुषांचा विनोद. नव्या मालिकेत हे दोन्ही लागणार होतं. काही भाग स्टॅन हे यानंही लिहिले. विटझेंड ही निर्मितीसंस्था आणि आयटीव्हीची सेंट्रल टेलिव्हिजन यांनी मिळून ती उभी केली.

इथं 'कॉमेडी ड्रामा' या प्रकाराबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण ही मालिका त्याचा उत्तम नमुना आहे. साध्या विनोदी मालिकेचा, म्हणजे सिटकॉमचा, भाग अर्ध्या तासाचा. घोटाळा होतो, वाढतो, निस्तरतो आणि पुढच्या आठवड्यात सगळी माणसं जिथल्या तिथं. मागून प्रेक्षकांचं हसू ऐकू येतं. क्लेमंट आणि ला फ्रेने त्या प्रकारातले वस्ताद होते. इथं मात्र त्यांच्या हाती तासाभराचा भाग आला, आणि मागचं हसू काढून टाकलेलं होतं. हसू काढलं की कुठं हसायचं हे प्रेक्षकाला स्वतः ठरवावं लागतं. घरच्या आठवणीनं कासावीस झालेला नेव्हिल, सातांतला एक गवंडी, बाकीच्यांच्या चेष्टेचा विषय होतो, आपणही हसतो. मग दृश्य संपत नाही, थोडं लांबतं, आणि हसणाऱ्यांच्याही चेहऱ्यावरचं हसू जातं. अर्ध्या तासाच्या चौकटीत हा उरलेला क्षण बसत नाही. शिवाय आज केलेल्याचे परिणाम तीन आठवड्यांनी भोगावे लागतात. एकदा बिघडलेलं लग्न पुढच्या भागात आपोआप जुळलेलं नसतं.

आणि ही झोपडी! कामगारांना वसतिगृहाचं आश्वासन मिळालेलं असतं. येऊन पाहतात तर बांधकामाच्या आवारातच लाकडी बरॅक, आत ओळीनं पलंग, मध्ये थोडी मोकळी जागा. ब्रिटिश प्रेक्षकाला ते दृश्य फार ओळखीचं होतं. जर्मनांनी पकडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या छावण्यांवरचे चित्रपट पाहत तो वाढला होता. मालिकेतली माणसंही स्वतःला युद्धकैदी म्हणवून घेतात. दुसऱ्या भागाचं नावच 'युद्ध जिंकलं तरी कोणी?' अशा अर्थाचं आहे. ड्युसेलडॉर्फवर ज्यांच्या बापांच्या पिढीनं बॉम्ब टाकले, ती माणसं चाळीस वर्षांच्या आत त्याच शहरात विटा रचत होती, कारण हरलेल्या देशात काम होतं आणि जिंकलेल्या देशात नव्हतं. हा सल मालिका भाषण देऊन कधीच सांगत नाही. झोपडीतल्या बडबडीतून तो आपोआप झिरपतो.

सात जणांची निवड नीट विचार करून केलेली आहे. डेनिस, नेव्हिल आणि ऑझ हे न्यूकॅसलकडचे गवंडी. डेनिस समंजस आहे, पण संसार मोडकळीला आलेला. नेव्हिल नवा नवरा, जीव सगळा घरी ब्रेंडापाशी अडकलेला. ऑझ आडदांड, तोंडाळ, जर्मनांचा उघड द्वेष करणारा. ब्रिस्टलकडचा बॉम्बर हा चौथा गवंडी, अंगानं डोंगराएवढा आणि स्वभावानं गरीब. लंडनचा वेन सुतार, बायकांच्या मागं. बर्मिंगहॅमच्या बाजूचा बॅरी इलेक्ट्रिशियन, समोरच्याला कंटाळा येईपर्यंत माहिती देत राहणारा. लिव्हरपूलचा मॉक्सी गिलाव्याचं काम करणारा, आगी लावण्याचा जुना इतिहास असलेला.

बांधकामाची जागा पाहिलेल्या कुणालाही यातलं शहाणपण कळेल. ओळंबा सोडून, दोरी ताणून, थापीनं माल पसरत गवंडी थरावर थर चढवतो. त्याची भिंत उठेपर्यंत वायरिंगवाल्याला हात चालवता येत नाही, आणि वायरिंग झाल्याशिवाय गिलावा होत नाही. म्हणजे एकाच कामावर वेगवेगळ्या धंद्यांची माणसं लागतातच. लेखकांनी प्रत्येक धंद्याला वेगळा प्रांत आणि वेगळी बोली दिली. अख्खा कामकरी इंग्लंड एका खोलीत बसवण्याची ही युक्ती कुठं उपरी वाटत नाही, कारण कामाच्या जागी माणसं खरंच अशी एकत्र येतात. त्या काळी टीव्हीवर न्यूकॅसलची 'जॉर्डी' बोली तिच्या खऱ्या गतीनं, सौम्य न करता, क्वचितच ऐकू यायची. इथं ती पहिल्या मिनिटापासून आहे.

ऑझच्या भूमिकेसाठी झालेली निवड हा मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत आवडता भाग वाटतो. जिमी नेल हा काही नट नव्हता. न्यूकॅसलचा तरुण, काच कारखान्यात काम केलेलं, एका बँडमध्ये गाणारा, फुटबॉल सामन्याच्या वेळी झालेल्या मारामारीसाठी तुरुंगात जाऊन आलेला. न्यूकॅसलमध्ये सर्वांसाठी खुली निवड चाचणी ठेवली होती, तिथं तो गेला. अभिनयाची ही त्याची पहिलीच भूमिका. पडद्यावर ऑझ येतो तेव्हा कुणी भूमिका करतंय असं वाटतच नाही. नेल पुढे गायक म्हणूनही गाजला, १९९२ मध्ये त्याचं गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

बाकीचेही तितकेच अचूक. डेनिसचं काम करणारा टिम हीली न्यूकॅसलचाच. नेव्हिल झालेला केव्हिन व्हेटली पुढे 'इन्स्पेक्टर मोर्स'मधला लुइस म्हणून घरोघरी पोचला. बॅरी झालेला टिमथी स्पॉल मूळचा लंडनचा, पण बर्मिंगहॅमकडची बोली अशी बोलतो की पटणार नाही. 'हॅरी पॉटर' पाहिलेल्यांना तो वर्मटेल म्हणून आठवेल. बॉम्बर म्हणजे पॅट रोच, खराखुरा कुस्तीगीर. 'इंडियाना जोन्स'च्या भारतात घडणाऱ्या दुसऱ्या चित्रपटात खाणीतला राक्षसी पहारेकरी झालेला तोच. वेन झालेला गॅरी होल्टन 'हेवी मेटल किड्स' या बँडचा गायक, आणि मॉक्सी झाला क्रिस्टोफर फेअरबँक.

माझी एक तक्रार आहे ती स्त्री पात्रांबद्दल. घरी राहिलेल्या बायकांचं आयुष्य मालिकेत फार करून नवऱ्यांच्या नजरेतून दिसतं. ज्या बाईला उद्देशून नाव ठेवलं, तिच्याकडे कॅमेरा हवा तितका थांबत नाही. डेनिस आणि बांधकाम कचेरीतली डॅगमार यांचं नातं मात्र अतिशय संयमानं लिहिलेलं आहे. दोन थकलेली, पोक्त माणसं, आणि दोघांनाही माहीत आहे की याला मुदत आहे.

पहिल्या पर्वात आपण जे ड्युसेलडॉर्फ पाहतो ते फारसं ड्युसेलडॉर्फ नाही. जर्मनीतलं बाहेरचं चित्रण बहुतेक हॅम्बुर्गमध्ये झालं. झोपडी आणि बांधकामाचं आवार तर लंडनजवळ एल्स्ट्रीच्या स्टुडिओच्या मोकळ्या जागेत उभारलेलं होतं. सेंट्रल टेलिव्हिजननं लवकरच तो स्टुडिओ सोडला, १९८४ मध्ये बीबीसीनं तो घेतला, आणि झोपडी होती त्याच जमिनीवर 'ईस्टएंडर्स' या मालिकेचा अल्बर्ट स्क्वेअर हा चौक बांधला. लक्षावधी ब्रिटिश लोक फेब्रुवारी १९८५ पासून जो चौक पाहत आले, त्याच्याखाली ऑझ आणि मंडळींचं जर्मनी गाडलेलं आहे.

प्रत्येक भागाच्या शेवटी लागणारं गाणंही विसरू नये. जो फेगिननं गायलेलं 'दॅट्स लिव्हिन ऑलराइट' जानेवारी १९८४ मध्ये ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. मालिकेची लोकप्रियता किती झपाट्यानं वाढली याचा तो पुरावा.

पहिलं पर्व संपतं ते मघाच्या त्या करापाशी. परदेशी कामगारांच्या करांविषयीचा नियम बदलतो आणि राहणं परवडेनासं होतं. मैत्री तशीच असते, भिंती अर्ध्या झालेल्या असतात, पण ज्या फटीतून आले ती बुजलेली असते. झोपडीही जळून जाते. कुणी खलनायक नाही, कुणाचं कारस्थान नाही. एक कागद बदलतो आणि सात माणसं पांगतात. स्थलांतरित कामगाराचं आयुष्य असं कागदावर टांगलेलं असतं, हे इतक्या साधेपणानं दाखवलेलं मी दुसऱ्या मालिकेत पाहिलेलं नाही.

दुसऱ्या पर्वात हीच मंडळी आधी इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये एका जुन्या वाड्याचं काम करतात, मग स्पेनला जातात. चित्रीकरण चालू असतानाच, ऑक्टोबर १९८५ मध्ये, गॅरी होल्टन वारला. बाहेरची दृश्यं झाली होती, स्टुडिओतली राहिली होती. मग वेन आंघोळीला गेलाय, वेन कुण्या पोरीसोबत बाहेर आहे, असं संवादात सांगत आणि बदली माणूस पाठमोरा उभा करत ते पर्व पुरं केलं गेलं. हे माहीत असताना ते भाग पाहणं जड जातं. बाकीचे सहा जण विनोद करतात आणि वेनचा पलंग रिकामा असतो.

२००२ मध्ये बीबीसीवर मंडळी परतली, तेव्हा वेनच्या जागी त्याचा मुलगा आला. यावेळी काम बांधायचं नव्हतं, मोडायचं होतं. मिडल्सब्रचा ट्रान्सपोर्टर पूल सुटा करून अमेरिकेतल्या ॲरिझोनात नेऊन उभारायचा, असा त्या पर्वाचा विषय. हा पूल १९११ साली सुरू झाला. नदीवर उंच पोलादी चौकट, तिला तारांनी टांगलेला एक तराफा, त्यावर गाड्या आणि माणसं चढायची आणि पाण्यावरून अलगद पलीकडे जायची; २०१९ मध्ये ही वाहतूक बंद झाली. खालून जहाजांना वाट मोकळी राहावी म्हणून ही रचना. पूल टीज नदीवर आहे, म्हणजे मिक कॉनेलच्या स्टॉकटनपासून अगदी जवळ. जिथून कल्पना निघाली, त्या काठावर मालिका वीस वर्षांनी स्वतःच्या पायांनी आली. पूल मोडण्याची दृश्यं इतकी खरी वाटली की तो आहे तिथंच आहे, अशी सूचना बीबीसीला पर्वाच्या शेवटी दाखवावी लागली.

चौथं पर्व क्यूबात घडलं. जुलै २००४ मध्ये पॅट रोच वारला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन शेवटचे भाग दाखवून मालिका थांबली.

तो १९७३ चा नियमही आता ब्रिटनपुरता संपला आहे. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संक्रमणाचा काळ सरला. डेनिस, नेव्हिल आणि ऑझ पहिल्या भागात गाडीत सामान टाकून निघतात आणि बोटीनं समुद्र ओलांडतात. आज स्टॉकटनच्या गवंड्याला तेच करायचं असेल, तर बायकोला 'येतो गं' म्हणण्याआधी जर्मनीत काम करायचा परवाना हातात लागतो.